एकदा मिळालेली पापक्षमा पुन्हा मागावी का?

प्रश्न : मी वसई परिसरात राहणारी कॅथलिक गृहिणी आहे. ईस्टरपूर्वीच्या गेल्या उपवासकाळापासून मला एक विचित्र पीडा जडली आहे. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर पवित्र भाकर उंचावतात, नेमक्या त्या क्षणी माझ्या मनात देवाविषयी अत्यंत अभद्र शब्द उमटतात. फादरांकडे पापनिवेदन, म्हणजे पापांची कबुली, करून घरी पोहोचेपर्यंत ‘सगळे नीट सांगितले ना, काही दडवले तर नाही’ अशी शंका येते आणि मी पुन्हा जाते. एकाच फादरांकडे किती वेळा जायचे म्हणून आता स्कूटरवरून शेजारच्या धर्मग्रामांत जाते. सगळे फादर सांगतात की क्षमा झाली आहे, निश्चिंतपणे कम्युनियन, म्हणजे ती पवित्र भाकर, घ्या. तरीही महापाप घडेल या भीतीने मी कित्येक महिने ते घेतलेले नाही. रोझरी म्हणताना लक्ष विचलित झाले की ते दशक, म्हणजे जपमाळेतल्या दहा मण्यांचा भाग, पहिल्यापासून म्हणते. उपवासकाळातल्या शुक्रवारी, मांस वर्ज्य असताना, भाजीत आदल्या दिवशीच्या मटणाची पळी गेली की काय, हे नवऱ्याला विचारत राहते. हे सैतानाचे काम आहे, माझी श्रद्धा कमी आहे, की आणखी काही?

उत्तर : भगिनी, पळीचा प्रश्न आधी बाजूला ठेवू, कारण त्याचे उत्तर मी दिले तरी पुढच्या शुक्रवारी तो दुसऱ्या भांड्याविषयी येईल. तुम्ही ज्याला भिता ते महापाप घडण्यासाठी ख्रिस्तसभेने तीन अटी सांगितल्या आहेत : बाब गंभीर हवी, तिची पूर्ण जाणीव हवी आणि तिला जाणूनबुजून संमती दिलेली हवी. धर्मशिक्षणग्रंथाच्या १८५७ व्या परिच्छेदात हे स्पष्ट लिहिले आहे. जो विचार आल्याबरोबर तुम्ही दचकता, ज्याच्या भीतीने महिनोन्‌महिने वेदीपासून दूर राहता, त्याला तुमची संमती आहे असे कोणताही समंजस धर्मगुरू म्हणणार नाही. असले नको ते विचार पुष्कळांच्या मनात येतात आणि निघून जातात. ज्याला जे सर्वांत पवित्र वाटते, नेमके त्याच्याविषयीच ते येतात.

तुमच्या अवस्थेतून गेलेला एक संत सर्वांच्या परिचयाचा आहे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी १५२२ मध्ये स्पेनमधील मोन्सेरात येथे आयुष्यभराच्या पापांचे लेखी निवेदन केले, त्याला तीन दिवस लागले. तरीही जवळच्या मान्रेसा गावी राहू लागल्यावर काहीतरी सांगायचे राहिले, ही शंका त्यांचा पिच्छा सोडीना. शेवटी त्यांचे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने आज्ञा केली की, अगदी स्पष्ट आठवत असेल तेवढेच गतपाप सांगावे, बाकीचे नाही. आज्ञा शहाणपणाची होती, पण तिचा उपयोग झाला नाही, कारण इग्नेशियसना सगळीच पापे अगदी स्पष्ट दिसत होती. जीव द्यावा अशी ओढ त्यांना वारंवार होऊ लागली. त्यांनी आठवडाभर अन्नपाणी वर्ज्य केले, त्या धर्मगुरूच्या हुकमावरून उपवास सोडला, दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी एका पापामागून दुसरे आठवत पुन्हा तीच साखळी सुरू झाली. तेव्हा कुठे त्यांनी निश्चय केला की गतकाळातले पाप यापुढे सांगायचेच नाही. हा प्रसंग त्यांनी स्वतःच्या आत्मकथनात नोंदवून ठेवला आहे, आणि तुमच्यासाठी त्यातली मधली पायरी सर्वांत महत्त्वाची आहे : ‘खात्री असेल तरच सांगा’ हा नियम निरोगी मनाला पुरतो, तुमच्या मनाला पुरत नाही, कारण शंकेची खात्री करून घेण्यातच तुमचा दिवस जातो.

म्हणून एकच धर्मगुरू निवडा, त्यांना हे पत्र जसेच्या तसे वाचून दाखवा आणि पापनिवेदनाचा दिवस त्यांनाच ठरवू द्या. महिन्यातून एकदा पुरेसे आहे. जुने सांगायचे नाही, संशयास्पद सांगायचे नाही, आणि मधल्या काळात दुसऱ्या धर्मग्रामाकडे स्कूटर वळवायची नाही. पापनिवेदनात खरोखरच विसरलेल्या पापाचीही क्षमा इतर पापांबरोबर झालेली असते. फादरांनी कम्युनियन घ्यायला सांगितले आहे, तर येत्या रविवारी त्याआधी पापनिवेदनाला न जाता घ्या. रांगेत अभद्र शब्द उमटला तरी रांग सोडू नका. रोझरीतला मणी सरकला की सरकला, मागे जायचे नाही. सुरुवातीला यामुळे भीती वाढेल, हे मी आधीच सांगून ठेवतो. खरूज खाजवू नये तशीच ही गोष्ट आहे. आम्हा धर्मगुरूंनाही येथे थोडे बोलायला हवे : अशा व्यक्तीचे तेच निवेदन दर वेळी प्रेमाने ऐकून पुन्हा क्षमा देणे ही दया वाटते खरी, पण तिने आजार पोसला जातो.

तुमच्या पतींनाही हेच लागू आहे. ‘पळी धुतली होती गं’ या उत्तराने तुम्हाला थोडा वेळ दिलासा मिळतो आणि प्रश्न पुन्हा उगवतो. त्यांनी शांतपणे ‘याचे उत्तर द्यायचे नाही असे आपले ठरले आहे’ एवढेच म्हणावे, आणि न रागावता म्हणावे.

हे सैतानाचे काम की श्रद्धेची उणीव, असे तुम्ही विचारता. माझ्या मते दोन्ही नाही. तुम्ही लिहिले आहे ते बहुतेक ओसीडीचे, म्हणजे ज्याला मराठीत मंत्रचळ म्हणतात त्या आजाराचे, धार्मिक रूप असावे. निदान मात्र मनोविकारतज्ज्ञांनीच करायचे. त्यावर औषधे आहेत, त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून ती मध्येच सोडू नयेत. शिवाय एक वर्तनोपचार आहे, ज्यात भीती वाटणाऱ्या प्रसंगाला सामोरे जाऊन नेहमीची खात्री करून घेण्याची कृती मुद्दाम टाळायची असते. या उपचारात देवाची निंदा करायला लावतील अशी धास्ती बाळगू नका. तुमच्या फादरांना व डॉक्टरांना एकमेकांशी बोलण्याची परवानगी दिलीत, तर धर्माचरण कोठे संपते आणि आजार कोठे सुरू होतो हे दोघे मिळून ठरवू शकतील. गोळ्या घेणे म्हणजे विश्वास डळमळणे असे आपल्या समाजात अजूनही काही जण म्हणतात, आणि तेच लोक रक्तदाबाची गोळी न चुकता घेतात. जवळ तज्ज्ञ नसतील तर शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, आणि इग्नेशियससारखा जीव नकोसा वाटण्याचा विचार कधी आला, तर रविवारची वाट न पाहता त्याच दिवशी पतींना सांगून तेथे फोन करा किंवा सरळ रुग्णालय गाठा.