बाबांना कानामागचा पॅच लावायच्या आधी त्यांची औषधांची पिशवी उघडा

तुम्ही लिहिलंय की आईबाबा पुण्याहून तुमच्याकडे अमेरिकेत आलेत, पुढच्या महिन्यात अलास्का क्रूझ आहे, बाबा 73 चे आणि त्यांना बोट लागते, तर स्कोपोलामिनचा पॅच लावू का. वाचून पोटात गोळाच आला, आमचं अगदी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, आमच्या बाबतीत घडलं तेवढं सांगते.

कधी लावायचा, किती दिवस ठेवायचा ते पाकिटावर आहेच. माझी चूक वेगळी होती. माझ्या बाबांना प्रोस्टेटचा त्रास, रात्री चारदा उठायचे, मला माहीत होतं, पण बोट लागायच्या औषधाचा आणि लघवीचा काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही. त्यात त्यांनी घरून आणलेली अ‍ॅव्होमिन पण घेतली, गाडी लागण्यावरची नेहमीची गोळी म्हणून, मला न सांगता. तिचाही परिणाम बराचसा पॅचसारखाच, लघवी अडू शकते, म्हणजे भारावर भार. आणि ज्या क्लिनिकने प्रिस्क्रिप्शन दिलं त्यांनी फोनवर दोन मिनिटांत वय आणि अ‍ॅलर्जी विचारली, संपलं. प्रोस्टेट आहे का, काचबिंदू आहे का, बाकी गोळ्या कुठल्या, एक शब्द नाही! नंतर फोन केला तर म्हणे तुम्हीच सांगायला हवं होतं. अहो, काय सांगायचं ते आम्हाला कसं कळणार? अजून संताप होतो.

दुसऱ्या रात्री बाबांची लघवी अडली, तोंडाला कोरड, आणि चादर चाचपत विचारत होते, स्वारगेट आलं का. मला वाटलं स्ट्रोकच. जहाजावरच्या डॉक्टरांनी आधी कानामागे बघितलं, पॅच काढला, लघवीसाठी कॅथेटर म्हणजे नळी घातली. पण पॅच काढला म्हणजे औषध थांबलं असं नाही, कातडीत मुरलेलं रक्तात जातच राहतं, बाबा नीट भानावर यायला दीड दिवस गेला.

माझं मत विचाराल तर या वयात सगळ्या गोळ्या डॉक्टरांसमोर ठेवल्याशिवाय लावूच नका, प्रोस्टेट किंवा काचबिंदू असेल तर नाहीच. तुमचे डॉक्टर वेगळं म्हणाले तर त्यांचं ऐका. औषध वाईट नाही, मी स्वतः लावते. फक्त लावल्यावर आणि काढल्यावर हात साबणाने धुवा, तेच बोट डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसतं. कापून अर्धा लावू नका, एमआरआय असेल तर आधी काढा. घाम कमी होऊन अंग तापू शकतं, 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, तसा इशारा दिलाय, लहान मुलं आणि साठीपुढच्यांसाठी जास्त.

आणि केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर मिळते का बघा, तिथे हलणं कमी जाणवतं. बुकिंग बदलता येत असेल तर आजच फोन करा.