पहिल्या फेरीत हरणाऱ्याला काय मिळतं?

तुम्ही आपल्या बडोद्यातल्या मांजलपूरचे. मुलगी बारा वर्षांची, जिल्ह्यात चांगली खेळते, आणि तिचे सर म्हणतात की आता पूर्ण वेळ खेळू द्या. तुम्ही विचारलंय की टेबल टेनिसमध्ये बक्षिसाच्या पैशावर पोट भरतं का, आणि बक्षिसं मोठी केली तर हा खेळ घराघरात पोचेल का.

मी नव्वदच्या दशकात गुजरातकडून खेळले. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली, आणि गेली बरीच वर्षं संध्याकाळी ऑफिसमधून सुटले की दांडिया बाजाराजवळच्या एका हॉलमध्ये मुलांना शिकवते. चार टेबलं आहेत. तेव्हा जे सांगतेय ते पाहिलेलं आणि भोगलेलं आहे.

बक्षिसाच्या पैशावर पोट भरत नाही. भारतात तर नाहीच, आणि जगातही मोजक्या लोकांचंच भरतं. आकडा बघा. २०२२ मध्ये सिंगापूरला डब्ल्यूटीटीची, म्हणजे टेबल टेनिसच्या जागतिक स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेची, पहिली ग्रँड स्मॅश ही सगळ्यात मोठ्या दर्जाची स्पर्धा झाली. एकूण बक्षीस २० लाख डॉलर आणि एकेरीच्या विजेत्याला १ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं पाऊण कोटी रुपये. आमच्या खेळात एवढी रक्कम पाहून मला खरंच भरून आलं होतं. पण त्याच वर्षी लॉन टेनिसच्या यूएस ओपनमध्ये एकेरीत पहिल्याच फेरीत हरून घरी गेलेल्याला ८० हजार डॉलर मिळाले. आमचा जगज्जेत्या तोडीचा खेळाडू सगळे सामने जिंकून जिथे पोचतो, त्याच्या जवळपास तिकडचा पहिल्या दिवशी हरणारा असतो.

लोक हा फरक विजेत्यांच्या रकमा शेजारी ठेवून सांगतात. मला तो पहिल्या फेरीत दिसतो. टेनिसमध्ये जगात ऐंशीवा असलेला माणूस वर्षभर पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरत राहिला तरी प्रशिक्षक ठेवू शकतो, फिजिओ ठेवू शकतो, पुढच्या वर्षी पुन्हा येऊ शकतो. टेबल टेनिसमध्ये ऐंशीव्या नंबरच्या खेळाडूला विमानाचं तिकीट कोण काढणार, इथपासून विचार करावा लागतो. आणि घरी बसायची सोय नाही, कारण जागतिक क्रमवारीत मागच्या बारा महिन्यांतले सगळ्यात चांगले आठ निकाल धरतात आणि जुने गुण गळून पडतात. गुण टिकवायचे तर प्रवास करायचा, आणि प्रवासाचे पैसे बक्षिसातून निघत नाहीत.

वरच्यांचेही हाल आहेत. पॅरिस ऑलिंपिकमध्ये एकेरीचं सुवर्ण जिंकलेले फान झेंडोंग आणि चेन मेंग यांनी २०२४ च्या डिसेंबरमध्ये जागतिक क्रमवारीतून आपली नावंच काढून घेतली. ठरलेल्या स्पर्धेला आलं नाही की दंड, असा नियम होता. ऑलिंपिक विजेते असे बाजूला होतात तेव्हा खेळाचा प्रसार करणाऱ्यांनी थांबून विचार करायला हवा. ज्यांच्यासाठी लोक टीव्ही लावतात त्यांनाच थकवून तुम्ही कोणता खेळ विकणार?

मग आपले खेळाडू जगतात कशावर? नोकरीवर. आपला शरत कमल दहा वेळा राष्ट्रीय विजेता झाला, पाच ऑलिंपिक खेळला, आणि तोसुद्धा इंडियन ऑइलमध्ये नोकरीला. आपल्या कोयलीची रिफायनरी ज्या कंपनीची, तीच. पेट्रोलियम स्पोर्ट्‌स प्रमोशन बोर्ड (तेल कंपन्यांचं क्रीडा मंडळ), रेल्वे, रिझर्व्ह बँक यांचे संघ राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षं राज्यांच्या बरोबरीनं उतरत आलेत, आणि देशातले वरचे खेळाडू बहुतेक अशाच कुठल्यातरी संस्थेचे असतात. महिन्याचा पगार, सरावाला सुट्टी, स्पर्धेचा दैनिक भत्ता. आपल्याकडचं खरं बक्षीस ते. माझ्या आईला माझी एकही ट्रॉफी आठवत नाही, पण नेमणुकीचं पत्र आलं तो दिवस तिला तारखेसकट पाठ आहे.

काही जण परदेशी क्लबकडून खेळतात. शरत जर्मनीत खेळला, आपलाच जी. साथियन जर्मनीत आणि जपानच्या टी लीगमध्येही खेळला. जर्मनीत एकाखाली एक अशा कितीतरी पायऱ्यांच्या लीग आहेत आणि गावोगाव क्लब आहेत. तिथे क्लब हंगामाचा करार करतो, म्हणजे एखादा सामना हरला म्हणून त्या महिन्याची चूल थांबत नाही.

आता तुमच्या घरच्या खर्चाकडे येते, कारण तुम्हाला आज लागणार आहे तो हाच आकडा. आमच्या हॉलमधल्या एका मुलीच्या घरी मागे गेले होते. ती राज्य पातळीवर खेळते. स्वयंपाकाच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून ती आणि तिचे बाबा बॅटला नवं रबर चिकटवत होते. ग्लूचा एक हात बॅटच्या लाकडावर, एक रबराखालच्या स्पंजवर, पांढरा ग्लू पारदर्शक होईपर्यंत थांबायचं, मग मुठीच्या बाजूनं बसवत वर लाटणं फिरवत न्यायचं, हवेचा फुगा राहू द्यायचा नाही. शेवटी कात्रीनं कड कापायची. बाबा कात्री चालवत होते आणि श्वास रोखून बसले होते, कारण ते रबर साडेपाच हजारांचं होतं आणि दुसऱ्या बाजूचंही तेवढंच. रोज तीन-चार तास सराव असेल तर दोन-तीन महिन्यांत रबराची पकड जाते. म्हणजे वर्षाला अर्धा लाख नुसता रबरात. (आमच्या वेळी चेंडूला वेग देणारा स्पीड ग्लू असायचा, त्याच्या वासानं डोकं धरायचं. २००८ मध्ये त्यावर बंदी आली ते फार चांगलं झालं.) तुमच्या मुलीला आत्ता इतकं महाग रबर लागत नाही, दोन-अडीच हजारांचं पुरतं. दुकानदार काहीही म्हणो, घेऊ नका.

यावर प्रवास, एंट्री फी, लॉजिंग, आणि सोबत जाणाऱ्या पालकाची बुडालेली रजा. क्रमवारीच्या स्पर्धा देशभर होतात, आणि कुठली संस्था पाठीशी नसेल तर सगळं घरून. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झाली तर वर्षाला ६ लाख २८ हजारांची मदत असते. त्यातले १ लाख २० हजार हातखर्चाला मिळतात आणि बाकीचे प्रशिक्षण, राहणं-खाणं, स्पर्धा यांवर जातात. खेळाडूंना मदत करणारी आपल्या राज्याची शक्तिदूत योजनाही आहे. पण या सगळ्यांसाठी आधी निकाल लागतात, आणि निकाल येईपर्यंतची चार-पाच वर्षं घरानं ओढायची असतात. मुली गळतात त्या याच वर्षांत. दहावीच्या आसपास मी किती चांगले बॅकहँड हॉलमधून निघून गेलेले पाहिलेत, त्याचा हिशेब करवत नाही.

म्हणून बक्षीस वाढवल्यानं खेळ वाढतो यावर माझा विश्वास राहिलेला नाही. तो गेला तो माझ्याच चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी आम्ही हॉलची एक खुली स्पर्धा भरवली. एका सद्‌गृहस्थांनी चांगली देणगी दिली होती, मी ती जवळजवळ सगळी पहिल्या बक्षिसात घातली. वाटलं, मोठा आकडा पाहून शहर लोटेल. झालं असं की बाहेरगावचे तीन-चार पट्टीचे खेळाडू सकाळच्या गाडीनं आले, बक्षिसं वाटून घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परतले. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांचा तो हक्कच होता. पण आमची मुलं सकाळी अकरा वाजायच्या आत पहिली फेरी हरून घरी गेली होती. अंतिम सामन्याला खुर्च्या रिकाम्या. रावपुऱ्यातून एक आजी नातीचा सामना बघायला दुपारी आल्या, तर नात केव्हाच हरून गेलेली. त्यांना ते सांगताना मला फार वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी तेवढ्याच पैशात मांडणी बदलली. चार-चार जणींचे गट केले, म्हणजे प्रत्येकीला निदान तीन सामने. बाहेरून आलेल्या मुलींना एका बाजूचं गाडीभाडं दिलं, पंचांना मानधन दिलं, दुपारी सगळ्यांना सेव-उसळ. विजेतीचं बक्षीस अगदी बेताचं ठेवलं. तरीही चांगले खेळाडू आले, कारण दिवसभर सामने मिळणार होते. आणि शेवटच्या सामन्याला उभं राहायला जागा नव्हती, हरलेल्या सगळ्या मुली बघायला थांबल्या होत्या.

प्रसाराच्या नावाखाली आमच्या खेळात बदल काही कमी झाले नाहीत. मी खेळायचे तेव्हा गेम २१ गुणांचा आणि चेंडू ३८ मिलिमीटरचा. २००० मध्ये चेंडू ४० चा केला, टीव्हीवर नीट दिसावा आणि जरा हळू यावा म्हणून. २००१ मध्ये गेम ११ चा केला. पुढे सर्व्हिस करताना चेंडू शरीराआड लपवायला मनाई झाली, २०१४ पासून प्लास्टिकचा चेंडू आला. ११ चा गेम मला सुरुवातीला अजिबात आवडला नव्हता, पण आता वाटतं की तो योग्य होता, प्रत्येक गुणाला धार आली. तरीही चेंडू कितीही मोठा करा, पडद्यावर फिरकी दिसत नाही, आणि फिरकी दिसली नाही तर बघणाऱ्याला वाटतं की समोरच्यानं उगाच सोपा चेंडू जाळ्यात घातला.

यावर मी एक करते. रविवारी पालक मुलांना सोडायला येतात तेव्हा एखाद्याच्या हातात बॅट देते आणि दोन सर्व्हिस करते. हाताची हालचाल सारखीच. पहिलीत चेंडूच्या बुडाला घासून बॅकस्पिन, म्हणजे उलटी फिरकी, दुसरीत घासल्याचं नुसतं सोंग. पहिला चेंडू त्यांच्या बॅटला लागून सरळ खाली जाळ्यात जातो. दुसऱ्याला ते शहाणे होऊन बॅट वर उघडतात, तर चेंडू पंख्यापर्यंत उडतो. मग ते बॅटकडे बघतात, माझ्याकडे बघतात, आणि विचारतात, “परत करा ना एकदा.” त्या दिवसापासून तो माणूस मुलीचा सामना मोबाईल खिशात ठेवून बघतो.

अल्टिमेट टेबल टेनिस ही आपल्याकडची संघांची लीग मला त्यासाठीच, म्हणजे लोकांनी सामना मन लावून बघावा यासाठी, महत्त्वाची वाटते. २०१७ मध्ये ती सुरू करण्यात नीरज बजाज होते, जे स्वतः राष्ट्रीय विजेते राहिलेत. एका लढतीत दोन सामने पुरुषांचे, दोन स्त्रियांचे, एक मिश्र दुहेरी. म्हणजे मुलींशिवाय संघ जिंकूच शकत नाही. आणि प्रत्येक गेमचा गुण संघाला मिळतो, त्यामुळे हरणाऱ्यानं काढलेला एक गेमही वाया जात नाही. २०२५ चा हंगाम अहमदाबादला झाला तेव्हा मी आमच्या मुलांना गाडीनं घेऊन गेले होते. परतताना आणंदपर्यंत सगळ्या डब्यात हात हवेत हलवून सर्व्हिसची नक्कल चालली होती. त्याच वर्षी जानेवारीत आपल्या समा भागातल्या क्रीडा संकुलात डब्ल्यूटीटीची युथ कंटेंडर ही मुलामुलींची स्पर्धा झाली, देशोदेशीची मुलं आपल्या गावात खेळून गेली. तुम्ही मुलीला नेलं होतंत का? नसेल, तर पुढच्या वेळी शाळा बुडवून न्या.

तुमच्या मुलीबद्दल मला असं वाटतं. शाळा सोडवू नका, अजून दोन वर्षं तर नाहीच. सरांना बक्षिसांबद्दल विचारू नका. त्यांच्या हाताखालून किती मुलींना नोकरी किंवा शिष्यवृत्ती लागली आणि ज्या पोचल्या नाहीत त्यांचं पुढे काय झालं, ते विचारा. मुलीला वर्षात किती स्पर्धांना नेणार, त्याची यादी मागा आणि खर्च लिहून काढा. तो खर्च कर्ज न काढता तीन वर्षं झेपत असेल तर न डगमगता पुढे जा. झेपत नसेल तर दूरच्या स्पर्धा कमी करा, सराव कमी करू नका. आणि घरी एकदा तिच्यासमोर बॅट धरून उभे राहा, तिला म्हणा, तुझी सगळ्यात अवघड सर्व्हिस कर.