इतिहास आणि कादंबरी, दोन्ही जमेल का?

प्रश्न : मी एम.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यादवकाळावर पीएच.डी. करायची आहे, पण त्याच काळावरची एक कादंबरीही डोक्यात घोळतेय. सर म्हणतात, एकच धर, नाहीतर दोन्हीकडे कच्ची राहशील. खरंच तसं होतं का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुमच्या सरांची काळजी समजते, पण मला त्यांचं म्हणणं पटत नाही. चिंतामण विनायक वैद्यांचं उदाहरण घ्या. ग्वाल्हेर संस्थानात ते सरन्यायाधीश होते. १९१४मध्ये त्यांनी पानिपताच्या काळावरची ‘दुर्दैवी रंगू’ लिहिली आणि १९२१पासून मध्ययुगीन हिंदू भारताचा इतिहास तीन खंडांत काढला. आधी कादंबरी, मग ते खंड!

फक्त पोटापाण्याचा विचार आधी करा. प्राध्यापकाच्या मुलाखतीत कादंबरी कुणी विचारत नाही. तिथे नेट-सेट, पीएच.डी. आणि शोधनिबंधच बघतात. मी तासिका तत्त्वावर शिकवत होते तेव्हा वर्षभर प्रबंध आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कादंबरी, असं चालायचं.

पण खरं सांगू? माझी कादंबरी प्रबंधाच्या साधनांतूनच उगवली. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख वाचा. शके ११९५ ते ११९९ या काळात देवळासाठी कुणी काय दिलं, त्याची ती नोंद. त्यात रामचंद्रदेव यादव आहे, हेमाद्री पंडित आहे आणि ज्यांची दुसरीकडे कुठेच नोंद नाही अशी साधी माणसंही आहेत. एक नाव, पुढे दान, बस्स. त्या माणसाचं घर कसं होतं, देणगी देताना बायकोशी वाद झाला का, हे इतिहासकार म्हणून मी लिहू शकत नाही. तिथे कादंबरीला जागा आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते.

म्हणून प्रबंधाच्या टिपणांत कल्पनेची एक ओळही येऊ देऊ नका. वही वेगळी ठेवा. कादंबरीत मात्र इतिहास काटेकोर हवा. तुमच्या नायिकेला मिरचीचा ठेचा वाटायला लावू नका. मिरची पोर्तुगिजांबरोबर आली, यादवांचं राज्य बुडाल्यावर जवळजवळ दोनशे वर्षांनी. तिच्या स्वयंपाकात तिखट ते मिऱ्यांचंच. बटाटा नाही, टोमॅटो नाही, शेंगदाणेही नाहीत. माणसं कशी बोलत, कुठे उतरत, काय खात, हे चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ‘लीळाचरित्रा’त सापडेल. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या शिष्यांना गाठून, विचारून विचारून त्या आठवणी जमवल्या. मला तर ते संशोधकाचंच काम वाटतं.

आणि हळेकन्नड, म्हणजे जुनी कन्नड, आतापासूनच शिकायला घ्या. यादवांचे कितीतरी लेख कन्नडमध्ये आहेत, आणि आपल्याकडचे विद्यार्थी नेमके तिथेच अडतात.