गणित घरचं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी तिसरीत आहे. बेरीज चुकत नाही, पण ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहिते. रोज वीस वजाबाक्या देते, तरी तीच चूक. काय करू?

उत्तर : ही चूक निष्काळजीपणाची नाही. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ती ७ मधून २ काढते. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचा, असा नियम तिने स्वतःच बसवलाय. वीस वजाबाक्यांत तोच नियम वीस वेळा घोटला जातो. त्या आधी बंद करा.

साठेक काड्या आणि रबरबँड घ्या. दहा-दहाचे गठ्ठे तिलाच मोजून बांधू द्या. आयते दिले तर एका गठ्ठ्यात दहा आहेत हे मुलं विसरतात. ५२ म्हणजे पाच गठ्ठे, दोन सुट्या. यातून २७ काढायला सांगा आणि गप्प बसा. सुट्या पुरत नाहीत म्हटल्यावर बहुधा तीच एक गठ्ठा सोडेल. चार गठ्ठे, बारा सुट्या. इथे विचारा, ‘आता एकूण किती?’ ती ४२ म्हणाली किंवा पुन्हा मोजायला लागली, तर अडचण नेमकी इथेच आहे. काड्या ५२च आहेत हे पटेपर्यंत पुढे जाऊ नका.

मग काडी हलली की लगेच वहीत लिहायचं : ५ खोडून ४, २ च्या डोक्यावर १२. दिवसाला तीन उदाहरणं पुरेत. ‘उसना घेतला’ हे तूर्त टाळा. उसनं परत करावं लागतं, इथे काहीच परत जात नाही. ‘गठ्ठा सोडला’ म्हणा. पडताळा तिनेच घ्यावा : ३५ अधिक २७ म्हणजे ६२, मग ५२ कुठे गेले?

४०३ वजा १५८ सगळ्यात शेवटी. दशकाच्या घरात गठ्ठाच नाही, म्हणून आधी शंभराचा सोडून दहा गठ्ठे होतात, त्यातला एक सुटा होतो आणि नऊ उरतात. तो नऊ करायचा राहिला, की २४५ ऐवजी २५५ येतं.

प्रश्न : मुलगा ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहितो.

उत्तर : ‘तीस’ ऐकून तो आधी ३ मांडतो. तीन गठ्ठ्यांतली एक काडी काढून उरलेल्या मोजायला लावा : तिसाला एक कमी, दोन गठ्ठे नऊ सुट्या. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत असंच चालतं. फक्त नव्याण्णव वेगळं पाठ करून घ्या.