सील बदलूनही जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन तेल का गाळते?
सांगलीकडे गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या आपल्या जुन्या ट्रॅक्टरचे क्रँक सील (इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या टोकाशी तेल अडवणारी कडी) नवे असूनही तेल गळते, असे आपण लिहिले आहे. तेव्हा आधी ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या आतील वायू बाहेर सोडणारा भाग, तपासावा. पिस्टन रिंगांजवळून निसटलेले वायू ब्रीदरमधून बाहेर पडतात, आणि त्याची जाळी तेलकट काजळीने व धुळीने चोंदली की आत दाब वाढून सीलमधून तेल बाहेर ढकलले जाते. जाळी डिझेलमध्ये धुऊन पूर्ण सुकवूनच बसवावी. कागदी फिल्टर असल्यास मात्र धुऊ नये, बदलावा. ब्रीदरची नळीही बोटांनी दाबून पाहावी, कारण बाहेरून धड दिसणारी नळी तेलाने फुगून आतून बुजत आलेली असू शकते. एवढे करूनही गरम इंजिनच्या तेल भरण्याच्या तोंडातून धुराचे झोत येतच राहिले, तर रिंगा व लायनर (पिस्टन ज्यात सरकतो ते नळकांडे) झिजल्याची शक्यता मोठी असते. मग पुन्हा सीलवर खर्च करू नये.