पीबीएलमध्ये सर काही सांगतच नाहीत, मग शिकायचं कसं?

प्रश्न : मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्याकडे प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग म्हणजे पीबीएल असतं. आठ जणांचा ग्रुप, एक केस आणि ट्यूटर सर, ज्यांना काहीही विचारलं तरी "तुम्हाला काय वाटतं?" एवढंच म्हणतात. मग आम्ही टॉपिक वाटून घेतो आणि पुढच्या वेळी जो तो आपापल्या स्लाइड्स वाचून दाखवतो. त्यापेक्षा लेक्चर परवडलं. याचा खरंच उपयोग होतो का?

उत्तर : होतो, पण तुम्ही टॉपिक वाटून घेताय ना, तिथेच सगळं बिघडतंय.

समजा केस अशी आहे, साठीचा माणूस, रात्री आडवं पडलं की दम लागतो, उठून बसलं की बरं वाटतं, पाय सुजलेत. एकाने हार्ट वाचलं, दुसरीने लंग्ज, तिसऱ्याने किडनी, सगळ्यांनी अगदी मनापासून वाचलं, तरी आडवं झाल्यावरच दम का वाढतो हे एकालाही धड सांगता येणार नाही, कारण ते उत्तर या तिन्ही टॉपिकच्या मधे कुठेतरी आहे. आडवं झालं की पायांतलं रक्त हार्टकडे जास्त परत येतं, डावी बाजू कमजोर असल्यामुळे ते पुढे ढकललं जात नाही, मग लंग्जच्या रक्तवाहिन्यांमधलं प्रेशर वाढतं आणि पाणी झिरपायला लागतं. तिकडे किडनीला रक्त कमी पोचतं म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवते, त्यातून सूज. ही साखळी प्रत्येकाला आपली आपण जोडता आली पाहिजे, केस दिलेली असते ती त्यासाठीच!

म्हणून प्रश्न सगळ्यांचे सारखे ठेवा आणि सगळेच प्रश्न प्रत्येकाने वाचा, पुस्तकं वेगवेगळी वापरलीत तर उत्तमच. आणि प्रश्न "हार्ट फेल्युअर" असा नको, "आडवं झाल्यावरच दम का वाढतो" असा हवा. दुसऱ्या भेटीत स्लाइड्स बंद, बोर्डवर सगळ्यांनी मिळून साखळी काढायची, कुठे अडतंय ते लगेच दिसतं.

ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत 1969 मध्ये सुरू झाली, नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टने 1974 पासून ती घेतली आणि तिथली सात पायऱ्यांची रीत पुढे खूप ठिकाणी गेली. त्यात वाचन सहाव्या पायरीवर येतं बरं का, त्याआधी केसमधले शब्द समजून घेणं, नेमका प्रॉब्लेम ठरवणं, आपल्याला जे माहीत आहे त्यावरून अंदाज बांधणं, ते नीट लावणं आणि काय वाचायचं ते ठरवणं. अंदाज चुकला तरी चालतो, आधी डोकं लढवलेलं असलं की नंतर वाचलेलं जास्त टिकतं.

लेक्चर मात्र सोडू नकोस. 1993 मध्ये पीबीएलवरच्या संशोधनाचे दोन मोठे आढावे आले, त्यात पीबीएलची मुलं पेशंटशी संबंधित कामात थोडी पुढे होती पण बेसिक सायन्सच्या परीक्षांत काही वेळा मागे, त्यामुळे ॲनाटॉमी, फिजिऑलॉजीचा पाया वेगळा पक्का करावाच लागतो.

प्रश्न : सरांनी अगदीच गप्प बसणं बरोबर आहे का?

उत्तर : नाही. उत्तर देऊ नये हे ठीक, पण ग्रुप भलतीकडे चालला असेल तर "मग पाय का सुजले?" असं विचारून परत आणणं हे ट्यूटरचंच काम आहे. तुम्ही सगळे मिळून सरांना स्पष्ट सांगा, की प्रत्येक सेशनच्या शेवटी आमचं कुठे चुकलं ते पाच मिनिटं बोला.