कोकणात मातीची धूप आणि प्रदूषण यावर पदवीचा प्रकल्प कसा करावा?

तुम्ही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात, गाव रत्नागिरी जिल्ह्यात, कॉलेजात मोठी उपकरणं नाहीत आणि विषय मिळालाय 'जमिनीचा ऱ्हास, धूप आणि प्रदूषण'. त्यात नेमकं काय करता येईल, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी विषय लहान करा. एक डोंगरउतार आणि एक पावसाळा, एवढंच घ्या. मी लांजा तालुक्यातला. पदवीला असताना हाच विषय घेतला आणि पहिला पावसाळा वाया घालवला, कारण धूप मोजायच्या सळ्या जमिनीत ठोकायला जुलै उजाडला. उन्हाळ्यात जेसीबीने उघडी केलेली जमीन मृगाच्या सरींतच लाल पाणी सोडायला लागते. गवत उगवलं की पावसाचा थेंब थेट मातीवर आदळत नाही, मग वाहणं कमी होतं. मी पोचलो तेव्हा गवत गुडघ्याला लागत होतं आणि खालच्या गडग्याला (रचलेल्या दगडी बांधाला) माती आधीच येऊन टेकली होती.

म्हणून मेच्या अखेरीस कामाला लागा. काजूसाठी नुकताच साफ केलेला वरकस (डोंगरउतारावरची हलकी जमीन) आणि त्याला लागून गवत राखलेला तुकडा, असे दोन तुकडे निवडा. उतार दोन्हीकडे जवळपास सारखा हवा, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही. प्रत्येक तुकड्यात दोन फुटी 10 लोखंडी सळ्या दीड फूट आत ठोका. वर राहिलेली उंची मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा; उंची जेवढी वाढली, तेवढा मातीचा थर गेला. सळीच्या वरच्या अंगाला कचरा अडकतो, खालच्या अंगाला खळगा पडतो, म्हणून माप बाजूने घ्या. जमीनमालकाला विचारल्याशिवाय एकही सळी ठोकू नका, आणि गुरांची वाट टाळा.

हिशेब सोपा आहे. एका हेक्टरवर 1 मिमी थर गेला म्हणजे 10 घनमीटर माती गेली. समजा सरासरी 4 मिमी गेली आणि एका घनमीटरचं वजन सव्वा टन भरलं, तर हेक्टरी 50 टन झाली. हे वजन पुस्तकातून उचलू नका. ठरावीक मापाचा पत्र्याचा डबा जमिनीत दाबून माती काढा, 105 अंशांवर वाळवा आणि तोला. आमच्या मातीत जांभ्याचे खडे असतात, त्यामुळे आकडा जागेगणिक बदलतो.

सोबत पऱ्याचं (ओढ्याचं) पाणीही घ्या. जोराच्या सरीत, दरवेळी एकाच जागी, एक लिटर. गाळण कागदातून गाळा, कागद वाळवून वजन करा (कोऱ्या कागदाचं वजन आधी घेतलेलं हवं). मी बाटल्या रात्रभर पडवीत ठेवायचो. सकाळी तळाशी आधी रेती, तिच्यावर पोयटा बसलेला दिसायचा, पण वरचं पाणी तांबडंच. ती चिकणमाती दोन दोन दिवस खाली बसत नाही. तीच खाडीपर्यंत जाते. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळूणमध्ये वाशिष्ठीतला गाळ काढण्यासाठी लोकांना केवढी धडपड करावी लागली, ते तुम्ही पाहिलं असेल. गाळ म्हणजे वरच्या उतारांची मातीच.

प्रदूषणाचा भाग इथेच जोडता येतो. आपल्या तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, त्यामुळे खतातला स्फुरद (फॉस्फरस) बारीक कणांना घट्ट धरून बसतो. माती गेली की तोही तिच्याबरोबर जातो. दोन्ही तुकड्यांतून आणि गडग्याखाली साचलेल्या मातीतून नमुने घ्या: इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा, आठ-दहा जागांची माती एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. खताच्या जुन्या गोणीत भरू नका, नमुना तिथेच बिघडतो. सामू (पीएच), सेंद्रिय कर्ब आणि स्फुरद मृद चाचणी प्रयोगशाळेत तपासून मिळतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठातही विचारून पाहा. शिसं, पारा यांच्या मागे मात्र लागू नका. त्यांची तपासणी महाग असते, आणि दोन नमुन्यांवरून कुणावर बोट ठेवणं बरोबर नाही.

मालकाशीही बोला. गडगा कधी घातला, कधी ढासळला, नाचणी कधी बंद झाली, हे तारखांसकट लिहून घ्या. माझ्या अहवालातलं सगळ्यात उपयोगी पान एका आजोबांच्या अशाच सांगण्यातून आलं.

उताराचा समोरून आणि बाजूने काढलेला फोटो टाकलात, तर पहिली सळी कुठे ठोकायची ते सांगतो.